हुपरीकरीय

"लिहा, निकम," डॉ. हुपरीकर म्हणाले. "हुपरीकरीय. विशेषण. पूर्णविराम."

मी लिहिलं.

"आता कंसात. थोर भारतीय भौतिकशास्त्रज्ञ डॉ. भालचंद्र हुपरीकर यांच्या नावावरून."

"सर, 'थोर' आपण कुणालाच लावलेलं नाही. न्यूटनलाही नाही."

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि खरोखरच विचार केला.

"मग 'थोर' काढा. 'ज्येष्ठ' घाला."

ही गोष्ट २००३ सालच्या फेब्रुवारीतली. एमएस्सीचा निकाल लागून मला सहा महिने झाले होते आणि कोल्हापुरात राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत मी नोकरीला होते. खाली 'करवीर विज्ञानकोश मंडळ' अशी पाटी होती. मंडळ म्हणजे आम्ही तिघं: संगणकावर मजकूर जुळवणारा दस्तगीर, नोंदी लिहिणारी मी, आणि कॉलेजातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले प्रमुख संपादक हुपरीकर सर. आमचं पुस्तक एकाच विषयाचं होतं. शास्त्रज्ञांच्या आडनावांवरून इंग्रजीत जी विशेषणं झाली, न्यूटोनियन, गाऊसियन, बूलियन, डार्विनियन, ती कुठून आली, कुणी पहिल्यांदा छापली, मराठीत त्यांना काय म्हणायचं, एवढंच.

मला ते काम आवडायचं. नॉर्वेचा आबेल सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. बर्लिनमध्ये त्याच्यासाठी जागा झाल्याचं पत्र त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी लिहिलं गेलं. आज आबेलियन हे विशेषण गणितात इतकं रुळलंय, की इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षरही बहुधा लहानच काढतात. अशा नोंदी लिहिताना मला वाटायचं, ही माणसं हे शब्द मागायला कुठे गेली नव्हती.

आणि समोर आमचे सर मागायला बसले होते.

"अर्थ," ते पुढे सांगू लागले. "काही द्रव नुसते ठेवून दिले तरी काळानुसार आपोआप घट्ट होत जातात. या गुणधर्माला आणि अशा द्रवांना हुपरीकरीय म्हणतात. हा शोध १९७७ साली काकवीवरील प्रयोगांतून लागला."

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ रस. सरांचा प्रयोग साधा होता. काचेच्या उंच नळकांड्यात साठ अंशांवर काकवी ठेवायची, वरून पोलादी गोळी सोडायची आणि तिला दोन खुणांमधलं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दर तासाला गोळीला जास्त वेळ लागत होता. म्हणजे काकवी घट्ट होत होती. म्हणजे जगात नव्या जातीचा द्रव सापडला होता.

मी पहिल्या वर्गात एमएस्सी झाले होते. हे ऐकून मला काहीही वाटलं नाही. मी फक्त आकडे नीट उतरवून घेतले.

"शेवटचं वाक्य," सर म्हणाले. "सुरुवातीच्या काही मोजमापांत प्रयोगशाळा सहायक श्रीमती इं. शेटे यांच्या निष्काळजीपणामुळे तफावत आली होती. ती नंतर दूर करण्यात आली."

"हे कोशात हवं, सर?"

"इतिहास आहे. उद्या कुणी जुने आकडे काढले तर? आधीच लिहून ठेवलेलं बरं."

मी तेही वाक्य लिहिलं. दुपारी दस्तगीरने ते जुळवलं. जुळवता जुळवता तो थांबला.

"म्याडम, ह्या शेटेबाई मेल्या काय?"

"मला काय माहीत? का?"

"न्हाई, जित्या माणसाला असं छापत न्हाईत."

"त्यांचं जन्मसाल घालायचं राहिलंय," मी म्हटलं. दाखल्यांचे लेखक सोडून नोंदीत ज्याचं नाव येईल त्याचं जन्मसाल द्यायचं, हा आमचा नियम क्रमांक चार होता.

"मग त्यास्नीच इचारा की. शुक्रवार पेठेत असत्यात. माझ्या मामाच्या शेजारी."

"तू ओळखतोस?"

"आख्खी गल्ली वळखती. कुकर बिघडला की लोक तिकडंच जात्यात. फुकट करत्यात, वर शिव्या देत्यात."

नियम क्रमांक सात मात्र जास्त अवघड होता आणि तो सरांनी स्वतः केला होता. एखादं विशेषण कोशात यायचं, तर ते त्या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी, नातेवाईक किंवा हाताखालचा माणूस नसलेल्या कुणीतरी छापील मजकुरात वापरलेलं असलं पाहिजे. आणि त्या माणसाने ज्या अर्थाने वापरलं असेल तोच अर्थ नोंदीत द्यायचा, पदरचा नाही. सांगलीच्या एका प्राध्यापकांचं नाव डिसेंबरात याच नियमावर कापलं गेलं, तेव्हा सर दोन दिवस गुणगुणत होते.

आता त्यांनी मला स्वतःसाठी पाच दाखले दिले. मी पाचही तपासले. चार त्यांच्या हाताखाली पीएचडी झालेल्यांचे होते. पाचवा बार्शीच्या एका प्राध्यापकाचा.

"हा चालेल," सर म्हणाले. "हा माझा विद्यार्थी नाही."

"जावई आहेत, सर."

"तेव्हा नव्हता. लेख आधीचा आहे."

"लेख मार्चमधला. लग्न फेब्रुवारीतलं. आपणच पत्रिका दाखवली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझा राग आला म्हणून नव्हे, मी त्यांना समजत नव्हते म्हणून. "मग शोधा, निकम. शोधलं की सापडतं. पंधरा तारखेला छपाईला जायचंय. आणि तुम्हाला कायम करण्याचं पत्र मी टाइप करून ठेवलंय. फक्त सही राहिली आहे."

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ते पत्र मला उलटं दिसत होतं.

*

शेटेबाई ओट्याशी उभ्या राहून कुकरच्या झाकणाची वाफेची नळी तारेने साफ करत होत्या. साठीच्या, सडपातळ, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला.

"कुकर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुकरसाठी नाही आले. मला तुमचं जन्मसाल हवंय."

"जनगणना झाली की मागंच."

मी मंडळाचं नाव सांगितलं, सरांचं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"हुपरीकरला माझं जन्मसाल कशाला पाहिजे झालं?"

मला तेव्हाही खोटं चांगलं जमत नसे. मी नोंदीचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो उभ्या उभ्याच वाचला. शेवटच्या वाक्याशी त्या बराच वेळ होत्या. वाक्य एवढं लांब नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

"सरांनी सांगितलं. मी लिहून घेतलं."

"एमएस्सी आहेस ना?"

"हो."

"लाडू केलेस कधी?"

"आई करते."

"आईला विचार जाऊन. पाक उघडा ठेवून शेगडीवर विसरला, तर तासाभराने काय होतं?"

साठ अंशांवर, उघड्या नळकांड्यात, तासन् तास काकवी. पाणी उडणार. पाणी उडालं की रस घट्ट होणार. नव्या जातीचा द्रव नव्हता, आटलेला पाक होता. हे गुऱ्हाळावरच्या गुळव्यालाही माहीत होतं. माझ्या आईला माहीत होतं. सर ते विसाव्या शतकातला शोध म्हणून सव्वीस वर्षं सांगत आले होते, आणि मी ते काल स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं होतं.

"झाकण नव्हतं?" मी विचारलं.

"मी ठेवलं की. अठ्ठ्याहत्तर साली. रबरी बूच लावलं, गोळी सोडण्यापुरतं बारीक भोक ठेवलं. सहा तास मोजलं. पहिल्या तासाला अकरा सेकंद, सहाव्या तासाला अकरा सेकंद. वही नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, सर, काही होत नाही हो, नुसतं पाणी उडतंय. म्हणाला, 'शेटे, तुम्हाला झाकण ठेवायला कुणी सांगितलं होतं?'"

"मग?"

"मग काय! पुढच्या लेखात माझे आकडे म्हणजे तफावत झाली. सहायकाचा निष्काळजीपणा. गोपनीय अहवालात तेच लिहिलं. मी तोवर बाहेरून एमएस्सी केलं होतं, अधिव्याख्याता व्हायची होते त्या साली. ज्या स्टुलावर लागले त्याच स्टुलावरून दोन हजार साली निवृत्त झाले."

"तुम्ही तक्रार नाही केलीत?"

त्यांनी नळीत तार पुन्हा घातली. "विभागप्रमुख होता तो. दरवर्षी अहवाल लिहायचा. त्याची चप्पल जिन्यात वाजली की स्टॉपवॉचसुद्धा दोन हातांनी धरायचे."

"ती वही कुठे आहे?"

"कॉलेजची होती. त्याने ठेवून घेतली." त्यांनी कागद मला परत दिला. "माझी नात या जूनपासून त्याच कॉलेजात जाणार. सायन्सला. तुमचं पुस्तक ग्रंथालयात येईल ना?"

"जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांत जाणार आहे."

"मग एवढं वाक्य काढ, पोरी. बाकी त्याला काय व्हायचंय ते होऊ दे. न्यूटन होऊ दे."

मी दारात चपला घालत होते, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "कोइमतूरच्या एका माणसाचं पत्र आलेलं एकदा. नटेशन म्हणून. साखरेवर काम करायचा. त्याला आकडे जुळेनात, झाकण ठेवलं होतं का म्हणून विचारत होता. पत्र विभागाच्या नावाने होतं, माझ्या हाती लागलं. मी माझे आकडे पाठवून दिले. आभाराचं कार्ड आलं, बास. पुढं काय झालं देवाला ठाऊक."

"साल?"

"ब्याऐंशी. नाही तर त्र्याऐंशी." मग म्हणाल्या, "आणि लिही. एकोणीसशे बेचाळीस."

*

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "ते शेवटचं वाक्य काढू या, सर. बाई हयात आहेत."

"मग काय झालं? मीही हयात आहे."

"त्यांनी झाकण ठेवलं होतं. त्यांचे आकडे बरोबर होते."

सर हसले. त्या हसण्यात चोरी नव्हती, हे मला सगळ्यात किळसवाणं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते स्वतःला पटवून दिलं होतं. "निकम, ती बाई बूच लावायची. बूच! आंतरराष्ट्रीय प्रघात उघड्या पात्राचा आहे."

"कुणाचा प्रघात, सर?"

"माझा. मीच पहिल्यांदा मोजलं ना?" त्यांनी घड्याळ बघितलं. "वाक्य राहील. इतिहास मला बदलता येणार नाही. तुम्ही दाखला शोधा."

मी रजेचा अर्ज देऊन एसटीने पुण्याला गेले. साखरउद्योगाशी संबंधित एका संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे बांधलेले खंड होते. ग्रंथपाल म्हणाले, त्र्याऐंशीचे वाळवीने खाल्लेत, पुढचे बघा. त्र्याऐंशीच्या उरलेल्या पानांत काही नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या तिसऱ्या अंकात एस. नटेशन, कोइमतूर, यांचा सहा पानी लेख होता. दुसऱ्या पानावर इंग्रजीत तो शब्द होता. हुपरीकरियन.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग उठून पाणी प्यायले आणि चौथ्यांदा वाचला. माणूस सभ्य होता, कुठेही आवाज चढवला नव्हता. त्याने लिहिलं होतं, की उघड्या भांड्यातून पाणी उडाल्याने मोजमापात घट्टपणा वाढल्याचा जो आभास होतो, त्याला सोयीसाठी आपण 'हुपरीकरियन दोष' म्हणू. विद्यार्थ्यांना तो टाळायला शिकवावा. लेखाच्या अखेरीला आभार होते: झाकण ठेवून घेतलेली मोजमापे उदारपणे पाठवल्याबद्दल श्रीमती आय. शेटे, कोल्हापूर, यांचे. खाली तक्ता होता. पहिला तास, अकरा सेकंद. सहावा तास, अकरा सेकंद.

नटेशन सरांचे विद्यार्थी नव्हते. नातेवाईक नव्हते. हाताखालचे नव्हते.

*

मी झेरॉक्स आणि नवी नोंद सरांपुढे ठेवली तेव्हा दस्तगीर संगणकाशी पाठ करून बसला होता. त्याच्या की-बोर्डाचा आवाज बंद झाला.

"सापडला, सर. नियम सातात बसणारा एकच दाखला आहे."

"पाहा! मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी झेरॉक्स उचलली, शब्द शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि चेहरा उजळला. "कोइमतूर! दक्षिणेत पोचलं होतं म्हणजे."

"पूर्ण वाचा, सर."

त्यांनी वाचलं. मग मी लिहिलेली नोंद वाचली. ती अशी होती:

'हुपरीकरीय: उघड्या भांड्यातील द्रवातून पाणी उडून गेल्यामुळे मोजमापात घट्टपणा वाढल्याचा होणारा आभास, तशी चूक. पहिला छापील वापर: एस. नटेशन, १९८४. झाकण ठेवून ही चूक प्रथम दाखवली: श्रीमती इंदुमती शेटे (जन्म १९४२), प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर.'

खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि नोंद पुन्हा वाचली.

"तुम्ही माझी चेष्टा करताय, निकम?"

"नाही, सर. नियम चार आणि नियम सात."

"मी हे छापणार नाही."

"मग नोंद काढून टाकते. दाखल्याशिवाय हे नाव कोशात येत नाही. सांगलीच्या प्राध्यापकांचं काढलं, तसं." मी कागदाला हात घातला.

त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

मला वाटलं, आता ते ओरडतील. मी त्यासाठी तयार होऊन आले होते. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. नोंद निघून जाईल, बाईंचं नाव बदनामीतून वाचेल आणि माझी नोकरी जाईल, असा माझा साधा हिशेब होता. यापलीकडे काही होऊ शकेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सर ओरडले नाहीत. त्यांचं बोट नोंदीच्या पहिल्या, ठळक शब्दावरून सावकाश फिरत होतं.

"ही कुठे येईल?" त्यांनी विचारलं.

"काय, सर?"

"नोंद. अनुक्रमाने. ह."

"शेवटून तिसऱ्या पानावर. हर्मिशियन आणि हॅमिल्टोनियनच्या जवळपास."

"हॅमिल्टन," ते म्हणाले. "बरं." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "टॉलेमीसुद्धा चुकलाच होता की. पृथ्वीभोवती सूर्य फिरवला त्याने. पण टॉलेमीय हा शब्द आहेच ना? आहेच."

"आहे, सर."

"कोपर्निकसच्या आधी सगळे चुकलेच होते."

त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं. संपादकाने मंजूर केलेल्या प्रत्येक नोंदीखाली पूर्ण सही लागत असे. त्यांनी ती केली, खाली तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"ते 'चूक' दोनदा आलंय," ते म्हणाले. "एकदाच ठेवता येईल का?"

"नाही, सर."

"राहू दे मग. हुपरीकरीय ठळकच येणार ना? सगळे ठळक असतात तसं?"

"सगळे असतात तसं."

मी बाहेर आले तेव्हा दस्तगीरने तोंडावर रुमाल धरला होता. "म्याडम," तो कसाबसा म्हणाला, "सायबास्नी पेढं आणू काय?"

कायम करण्याच्या माझ्या पत्रावर सही झाली नाही. एप्रिलमध्ये सरांनी मला बोलावून सांगितलं, की तुमची वृत्ती कोशकार्याला पूरक नाही. त्यांच्या टेबलावर तेव्हा नव्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. त्यांतली एक शेवटून तिसऱ्या पानावर आपोआप उघडत होती.

*

मी एक प्रत घेऊन शुक्रवार पेठेत गेले. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि नोंद वाचली. मग पान उलटून मागेपुढे पाहिलं, वाक्य दुसरीकडे कुठे सरकवलंय का म्हणून. नव्हतं.

"हे खाली नाव माझंच?"

"तुमचंच."

"आणि वरचं त्याचं?" त्या हसायला लागल्या. "आकडे बदललेस की काय गं? त्याने न बघताच सही केली असणार. त्याची सवयच ती."

"नाही. माझ्यासमोर वाचलं. दोनदा."

"वाचून सही केली?"

"तारीख घालून."

"कशासाठी?"

"नाहीतर नाव आलं नसतं."

त्यांचं हसणं हळूहळू ओसरलं. त्या खाली बसल्या आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"एवढासा होता होय तो," त्या म्हणाल्या. "आणि मी बावीस वर्षं याला भ्यायले."